फेस आधी, सुवास मग

दाढीच्या साबणाची डबी हातात आली की माणूस पहिल्यांदा झाकण उघडतो आणि ती नाकाशी नेतो. डबी उलटी करून तळाचं बारीक अक्षर वाचणारा विरळाच. विकणाऱ्यालाही हे पक्कं ठाऊक असतं, म्हणून झाकणावर चंदन, खस, ऊद, लव्हेंडर ठळक छापलेलं असतं आणि आत काय शिजलंय ते चष्मा लावूनही नीट दिसत नाही. महिन्याभराने तक्रारी सुरू होतात. गळ्यावर पुरळ उठतं, फेस अर्ध्यातच सुकतो, हनुवटीखाली आग होते. दोष जातो ब्लेडला. बिचाऱ्या ब्लेडचा त्यात बरेचदा फारसा हात नसतो.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत सेफ्टी रेझर आणि ब्रश पुन्हा दिसू लागले आणि त्यांच्या मागोमाग हातबनावटीचे दाढीचे साबण आले. अमेरिका, इटली, इंग्लंडमधले छोटे उत्पादक यात आघाडीवर आहेत, आणि आता आपल्याकडेही चार-सहा पातेली घेऊन साबण शिजवणारी मंडळी आहेत. या साबणांच्या किमतीत एक गंमत आहे. आतली तेलं-चरबी आणि अल्कली तुलनेने स्वस्त. महाग असतो तो सुगंध. साबण गालावर कसा वागणार हे ठरतं त्या स्वस्त भागावर, आणि आपण पैसे मोजतो ते मुख्यतः महाग भागाचे. म्हणून निवड करताना क्रम उलटा धरावा, असं माझं मत आहे. आधी तळाची यादी वाचावी आणि नाक मग पुढे करावं.

यादी कळायची तर फेसाचं काम काय, ते आधी पाहायला हवं. दाढीचा केस म्हणजे केरॅटिन. कोरडा असताना तो ताठ असतो. पाणी मुरलं की फुगतो, मऊ होतो आणि कापायला जोर कमी लागतो. त्यासाठी दोन-तीन मिनिटं कोमट पाणी पुरतं. २०२० साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी 'सायन्स' या नियतकालिकात दाखवून दिलं की केस पोलादापेक्षा सुमारे ५० पट मऊ असूनही पात्याच्या धारेचे बारीक टवके उडवतो, कारण कापला जाताना तो वाकतो आणि धारेवर एकाच जागी ताण येतो. तेव्हा केस नीट भिजलेला राहावा हे गालाच्या आणि पात्याच्याही हिताचं. फेसाचं पहिलं काम हेच: केसाभोवती पाणी धरून ठेवणं.

दुसरं काम माझ्या मते अधिक मोलाचं आहे, आणि ते डोळ्यांना दिसत नाही. पातं एकदा फिरलं की फेस निघून जातो, पण त्वचेवर साबणाचा एक पातळ, निसरडा थर मागे राहतो. त्याच जागी पुन्हा पातं नेलं तर ते सुळकन सरकतं की अडखळतं, हे त्या थरावर अवलंबून. सलूनमध्ये 'उलटा हात मारू का?' असं विचारून कारागीर पुन्हा ब्रश फिरवतो. घरी आपण आळस करतो आणि तसंच कोरड्यावर दोन हात ओढतो. उत्तम साबण हा आळस निभावून नेतो. आरशात भरघोस दिसणारा फेस मात्र काहीच सिद्ध करत नाही. डबा दाबला की भसकन येणाऱ्या फोममध्ये बरीचशी हवा आणि वायूच असतो.

आता पातेल्याकडे वळू. तेल किंवा चरबी अधिक अल्कली, यांतून साबण आणि ग्लिसरीन तयार होतं, हे शाळेत शिकलेलं असतं. अंघोळीच्या वडीत अल्कली म्हणून सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजे कॉस्टिक सोडा, वापरतात. त्याची वडी कडक होते आणि पाण्यात सावकाश विरघळते. वडी महिनाभर टिकावी म्हणून ते बरंच आहे. दाढीच्या साबणात मुख्य भार पोटॅशियम हायड्रॉक्साइडवर असतो. त्याचे क्षार पाण्यात पटकन विरघळतात, मऊ राहतात आणि फेसात पाणी जास्त सामावून घेतात. पुष्कळ साबणांत दोन्ही असतात: पोटॅशियम फेसासाठी, थोडं सोडियम घट्टपणासाठी. अंघोळीची वडी ब्रशने गालावर घोळवून पाहिली तर फरक लगेच कळतो. फेस येतो, पण मोठमोठ्या बुडबुड्यांचा, आणि एक गाल होईस्तोवर दुसऱ्यावरचा वाळलेला असतो.

अल्कलीपेक्षाही फरक पडतो तो कुठलं तेल घेतलं याने. प्रत्येक तेलात वेगवेगळ्या मेदाम्लांचं मिश्रण असतं आणि साबणात एकेकाचा स्वभाव जसाच्या तसा उतरतो. खोबरेल तेलात जवळजवळ निम्मं लॉरिक आम्ल असतं. बारा कार्बनची ती आखूड साखळी झटपट आणि मोठा फेस देते, पण त्वचेवरचं तेलही तितक्याच झटपट काढून नेते. दाढीनंतर गाल ओढल्यासारखे वाटत असतील तर पहिला संशय खोबरेलाच्या प्रमाणावर घ्यावा. ऑलिव्ह किंवा बदामाच्या तेलातलं ओलेइक आम्ल सौम्य असतं, मात्र त्याचा फेस जेमतेम. एरंडेलातलं रिसिनोलेइक आम्ल थोडं घातलं तर फेस ओलसर राहतो. या सगळ्यांत दाढीच्या साबणाचा कणा म्हणावा असं एकच आहे, ते स्टिअरिक आम्ल. त्याच्या अठरा कार्बनच्या सरळ साखळीमुळे बुडबुडे बारीक, दाट येतात आणि लवकर फुटत नाहीत.

हे स्टिअरिक आम्ल चरबीतून वेगळं काढून ओळखण्याचं श्रेय फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेवरल यांचं. प्राणिज चरबीवरचा त्यांचा ग्रंथ १८२३ सालचा. साबण म्हणजे नुसतं तेल आणि राख यांचं मिश्रण नसून तो मेदाम्लांचा क्षार आहे, हे त्यांच्या कामातून स्पष्ट झालं. शेवरल स्वतः १०२ वर्षं जगले. त्याच स्टिअरिक आम्लापासून पुढे सहज न वितळणाऱ्या, न वास मारणाऱ्या मेणबत्त्या निघाल्या, आणि आपल्या आज्या-पणज्या तोंडाला लावत त्या 'स्नो'चाही आधार तेच होतं. स्टिअरिक आम्ल, थोडी अल्कली आणि पाणी, एवढ्यावर ती मोत्यासारखी चकाकी येई. दाढीचं क्रीम हे त्याच घराण्यातलं.

एवढी ओळख झाली की डबीचा तळ वाचता येतो. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात; एक टक्क्याहून कमी असलेले शेवटी, कुठल्याही क्रमाने. पहिली पाच-सहा नावं हाच खरा साबण. ती लिहिण्याच्या दोन रीती आहेत आणि तिथे बरेच जण गोंधळतात. कुणी पातेल्यात काय टाकलं ते लिहितो: स्टिअरिक ॲसिड, पाणी, पोटॅशियम हायड्रॉक्साइड, खोबरेल, ग्लिसरीन. कुणी शेवटी काय तयार झालं ते लिहितो: पोटॅशियम स्टिअरेट, पोटॅशियम कोकोएट, सोडियम पामेट. दोन्ही एकच. पहिल्या यादीत पोटॅशियम हायड्रॉक्साइड पाहून दचकायचं कारण नाही, ते साबण होण्यात खर्ची पडलेलं असतं. १०० ग्रॅम स्टिअरिक आम्लाला सुमारे २० ग्रॅम पोटॅशियम हायड्रॉक्साइड लागतं, आणि जाणता कारागीर तेल किंचित जास्तच ठेवतो, म्हणजे अल्कली शिल्लक राहत नाही.

स्टिअरिक ॲसिड किंवा पोटॅशियम स्टिअरेट पहिल्या दोन-तीन नावांत असेल, तर साबण पहिल्या परीक्षेत पास. यादी खोबरेलाने किंवा ऑलिव्हने सुरू होत असेल आणि स्टिअरिकचा पत्ता नसेल, तर ती बहुधा अंघोळीची वडीच आहे, गोल साच्यात ओतलेली. 'सोडियम लॉरेथ सल्फेट', 'प्रॉपिलीन ग्लायकॉल', 'सॉर्बिटॉल' ही नावं वरच्या बाजूला एकत्र दिसली, तर कारखान्यातून तयार आलेला पारदर्शक साबण वितळवून त्यात रंग-वास मिसळून ओतलेला आहे, असं समजावं. त्यावर 'हँडमेड' लिहिणं खोटं नाही, ओतणारा हात माणसाचाच असतो. पण शिजवलेल्या साबणाचे पैसे त्यासाठी का द्यावेत?

मग स्टिअरिक येतं कुठून? पाश्चात्य देशांत जुनी वाट गाईगुरांच्या चरबीची. यादीत ती 'टॅलो' किंवा 'सोडियम टॅलोएट' म्हणून येते. तिच्यात स्टिअरिक वीस टक्क्यांच्या आसपास आणि पामिटिक पंचवीसच्या आसपास असतं, आणि हे मिश्रण दाढीला मानवतं यात शंका नाही. टॅलोशिवाय खरा साबण होतच नाही, असं मानणारा एक कट्टर पंथ तिकडे आहे. मला तो अट्टहास वाटतो. वरून शुद्ध स्टिअरिक घातलं की वनस्पतिजन्य साबण त्याच्या खांद्याला खांदा लावून उभा राहतो. आपल्याकडे चरबीचा प्रश्न आवडीनिवडीचा नसून धर्माचा आणि सोवळ्याचाही आहे, म्हणून मुंबईत अर्देशीर गोदरेज यांनी १९१८ च्या सुमारास चरबी टाळून वनस्पती तेलांचा 'चावी' साबण काढला आणि स्वदेशीच्या काळात तो लोकांना पटला. शाकाहारी माणसाने मात्र इतकं लक्षात ठेवावं की नुसतं 'स्टिअरिक ॲसिड' किंवा 'ग्लिसरीन' या नावावरून ते पामतेलातून आलं की चरबीतून, हे कळत नाही. ते विचारूनच घ्यावं लागतं.

वनस्पतींत शिआ बटर आणि कोको बटर यांचा बोलबाला आहे. दोन्हींत स्टिअरिक साधारण एक तृतीयांश किंवा थोडं वर. पण या यादीत एक नाव आपल्या अगदी घरचं आहे: 'गार्सिनिया इंडिका सीड बटर', म्हणजे कोकमाच्या बियांचं तेल. कोकण-गोव्यात बिया वाळवून, कुटून पाण्यात उकळतात, वर तरंगलेलं तेल काढून घेतात आणि थिजल्यावर त्याचे मुठीएवढे गोळे वळतात. ते मुठेल किंवा भिरंडेल भेगाळलेल्या टाचांना चोळायला घरोघरी असे. त्यात स्टिअरिकचं प्रमाण ५५ ते ६० टक्के, म्हणजे टॅलोच्या जवळजवळ तिप्पट. खोलीच्या तापमानाला ते कडक असतं, लवकर खवट होत नाही, आणि त्याला स्वतःचा वासही फारसा नसतो. परदेशी कारागीर ते हौसेने मागवतात आणि लेबलवर मिरवतात. आपल्याकडे मात्र ते अजून टाचेवरून गालावर फारसं चढलेलं नाही. सावंतवाडीच्या बाजारातला गोळा घेऊन कुणी नीट प्रमाणात दाढीचा साबण शिजवला, तर मी पहिला गिऱ्हाईक.

मेदाम्लांच्या पुढे यादीत जी नावं येतात त्यांत खरं आणि शोभेचं दोन्ही असतं. ग्लिसरीन खरं, ते पाणी धरतं. लॅनोलिन, म्हणजे मेंढीच्या लोकरीवरचं चरबट मेण, तेही खरं. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डच्या लोकरीच्या गिरण्यांभोवती वाढलेला 'मिचेल्स वूल फॅट' हा साबण त्याच्याच जोरावर प्रसिद्ध आहे. काहींना लॅनोलिन सोसत नाही, तेवढं पाहावं. बेंटोनाइट किंवा केओलिन माती निसरडेपणासाठी घालतात. वस्तऱ्याने दाढी करणाऱ्यांना ती आवडते, मला तिचा किंचित पिठूळ स्पर्श खटकतो. गाढविणीचं दूध, रेशीम, कोरफड, केशर यांच्याबाबत एक सोपी युक्ती आहे. यादीत 'परफ्यूम' किंवा 'फ्रॅग्रन्स' कुठे आहे ते शोधा. सुगंधाचं प्रमाण साधारण एक ते तीन टक्के असतं. त्याच्या मागे जे जे लिहिलंय ते त्याहून कमी, पुष्कळदा चिमूटभर. केशर सुगंधाच्या मागे असेल तर ते झाकणावरच्या चित्रापुरतंच आहे.

साबण उत्तम असूनही फेस धरत नसेल तर नळाकडे पाहावं. पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला पकडून न विरघळणारा चोथा करतात; बादलीच्या कडेला बसणारा पांढुरका थर तोच. मराठवाड्यात किंवा पुण्याच्या उपनगरांत बोअरच्या पाण्यावर राहणाऱ्यांना हा अनुभव रोजचा आहे. स्टिअरिक जितकं जास्त तितका साबण या जड पाण्यात जास्त रुसतो, म्हणजे चांगल्या साबणालाच त्रास अधिक. त्यावर उपाय म्हणून काही जण सोडियम सायट्रेट, सोडियम ग्लुकोनेट किंवा ईडीटीए घालतात. हे पदार्थ कॅल्शियमला आधीच धरून ठेवतात. ईडीटीए हे नाव रासायनिक वाटतं म्हणून नाक मुरडणारे आहेत, पण बोअरवाल्यांनी तेच नाव मुद्दाम शोधावं. नाहीतर स्वयंपाकघरातल्या आरओचं अर्धी वाटी पाणी घ्यावं, फेसाला तेवढं पुष्कळ होतं.

आता नाक पुढे करायला हरकत नाही. साबणातला सुगंध अत्तराच्या बाटलीतल्या सुगंधासारखा वागत नाही, कारण साबण अल्कधर्मी असतो, पीएच नऊ-दहाच्या घरात. त्या वातावरणात काही सुगंधी रेणू टिकतात, काही मोडतात. मोगऱ्या-जाईच्या वासातले एस्टर हळूहळू तुटतात. संत्रं, लिंबू यांची तेलं मुळातच उडून जाणारी, त्यामुळे नवी डबी घमघमते आणि चार महिन्यांनी मलूल होते. व्हॅनिलिन वासाला टिकतं, पण साबणाला तपकिरी करतं. पांढरा साबण कडेने काळवंडलेला दिसला तर तो बिघडलाय असं लगेच समजू नये. याउलट चंदन, वाळा, देवदार, पॅचुली यांतले जड रेणू अल्कलीला दाद देत नाहीत. साबणात उतरावे असे वास हेच.

चंदनाचं प्रकरण जरा सविस्तर पाहण्याजोगं आहे. खऱ्या चंदनतेलात अल्फा आणि बीटा सँटॅलॉल हे मुख्य. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे अल्फा ४१ ते ५५ टक्के आणि बीटा १६ ते २४ टक्के असावं लागतं. पहिल्या महायुद्धात चंदनाच्या ओंडक्यांची परदेशी निर्यात थांबली आणि म्हैसूर संस्थानात लाकूड साचलं. त्यातून १९१६ साली तेल काढायचा कारखाना आणि पाठोपाठ सरकारी साबण निघाला. आज या तेलाचा भाव किलोला लाख रुपयांच्या पुढे आहे. लाखच धरला तरी एका ग्रॅमला १०० रुपये झाले. १०० ग्रॅमच्या डबीत दोन टक्के खरं चंदनतेल घालायचं तर नुसत्या वासाचेच २०० रुपये पडतात. डबी, कर, विक्रेत्याचा नफा वेगळा. तेव्हा अडीचशे रुपयांच्या डबीतलं 'शुद्ध चंदन' कुठलं असणार, हे सांगायला नको. ते प्रयोगशाळेतलं असतं. त्यात वाईट काही नाही, कृत्रिम चंदनाचे काही रेणू फार सुंदर आहेत आणि त्यामुळे झाडं वाचतात. वाईट आहे ते 'शुद्ध' हे विशेषण.

विलायती दाढीच्या साबणांत ज्या वासाचं राज्य आहे त्याचं नाव फुजेर. फुजेर म्हणजे फ्रेंचमध्ये नेचा, ते जंगलातलं बिनफुलांचं झुडूप, आणि गंमत अशी की नेच्याला सांगण्याजोगा वासच नसतो. १८८२ साली पॅरिसच्या ऊबिगाँ या अत्तरवाल्यांकडे पॉल पार्के यांनी 'फुजेर रोयाल' रचलं: लव्हेंडर, ओकच्या झाडावरचं शेवाळासारखं दगडफूल, आणि कुमारिन. कुमारिनला नुकत्याच कापून वाळत टाकलेल्या गवताचा, जरासा बदामी गोड वास असतो. टोंका नावाच्या बीत ते आढळतं. विल्यम पर्किन यांनी ते १८६८ साली प्रयोगशाळेत तयार केलं. जांभळा कृत्रिम रंग शोधणारे पर्किन ते हेच. नेच्याला वास असता तर कसा असता, याची ही निव्वळ कल्पना पुढे न्हाव्याच्या दुकानाचा ठरीव वास होऊन बसली. 'बार्बरशॉप' लिहिलेल्या डबीत साधारण हेच असतं, वर थोडी पावडर. आपल्या सलूनचा वास निराळा, तुरटी, डेटॉल आणि ओल्ड स्पाइसचा. ओल्ड स्पाइस पुरुषांसाठी १९३८ साली अमेरिकेत आलं. त्यात लवंग-दालचिनीचा मसाला आहे, त्यामुळे आपल्या नाकाला ते परकं वाटलं नाही.

इटालियन साबणांची तऱ्हा आणखी वेगळी. मिलानच्या 'चेल्ला'ला कडू बदामाचा वास, फ्लॉरेन्सच्या 'प्रोरासो'च्या हिरव्या डबीला निलगिरी आणि मेन्थॉल. मेन्थॉल खरं तर वास कमी आणि स्पर्श जास्त. ते त्वचा थंड करत नाही. मज्जातंतूंमधला टीआरपीएमएट हा थंडी ओळखणारा प्रथिनाचा दरवाजा उघडतं आणि मेंदूला थंडी वाजल्याचा निरोप जातो. डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापुटियन यांनी हा दरवाजा मेन्थॉलच्याच मदतीने शोधला. २०२१ चं नोबेल त्या दोघांना तापमान आणि स्पर्श ओळखणाऱ्या ग्राहींच्या शोधासाठी मिळालं. नागपूरच्या मे महिन्यात असा साबण म्हणजे सुख. नाशिकला जानेवारीत सकाळी सहाला तोच लावणं मात्र शूरांचं काम.

घेताना एक गोष्ट विसरली जाते: हा वास नाकाच्या बरोबर खाली, ओठावर, पाच-दहा मिनिटं मुक्कामाला असतो. दुकानात दोन सेकंद हुंगताना जो वास भारून टाकतो तोच तिथे डोकं उठवू शकतो. शिवाय कोरड्या साबणाचा वास आणि ओल्या, कोमट फेसाचा वास एक नसतो. हलके वास फेसातून झपाट्याने वर येतात, जड वास मागे राहतात. म्हणून छोटे उत्पादक दहा-पंधरा ग्रॅमचे नमुने विकतात ते आधी घ्यावेत. 'दिवसभर दरवळ' या वचनाला भुलू नये. साबण धुऊन टाकायचा असतो, दरवळ हवा तर आफ्टरशेव्ह लावावं.

सुगंधाने त्वचा चिडते, आणि 'नैसर्गिक' असल्याने ती कमी चिडते असं मुळीच नाही. लव्हेंडरमधलं लिनालूल, संत्र्यातलं लिमोनिन हवेत जुनं झालं की त्यापासून ॲलर्जी आणणारे पदार्थ बनतात. लवंगेतलं युजेनॉल आणि दालचिनीतलं सिनामल ताज्या खरवडलेल्या गालावर झोंबतात. वेस्ट इंडीजकडचा 'बे रम' हा मसालेदार वास संवेदनशील त्वचेला म्हणूनच जपून. युरोपीय संघाने २००३ साली असे २६ पदार्थ ठरवून दिले. धुऊन टाकायच्या वस्तूत त्यातला एखादा ०.०१ टक्क्याच्या वर असेल तर त्याचं नाव लेबलवर यावंच लागतं. २०२३ मध्ये ती यादी ऐंशीच्या पुढे वाढली. युरोपीय डबीच्या शेवटी लिनालूल, लिमोनिन, कुमारिन अशी रांग दिसते ती यामुळे. ती लांब असणं म्हणजे साबण घातक असणं नव्हे, उलट आत काय आहे ते सांगितलंय. काही घटक मात्र सरळ बंदच झाले. दगडफुलातली ॲट्रॅनॉलसारखी द्रव्यं आणि २०२२ च्या मार्चपासून लिलिअल हा फुलांचा कृत्रिम वास तिकडे वापरता येत नाही. जुन्या साबणाचा वास बदललाय अशी कुरकुर ऐकू येते, तिच्यामागे अनेकदा हे असतं.

आग नेमकी कशाने होते हे ओळखायला वेळ पाहावी. फेस लावल्या-लावल्या, पातं फिरायच्या आधीच झोंबत असेल, तर साबण दोषी: सुगंध, मेन्थॉल किंवा खोबरेल. पातं फिरल्यानंतर ठरावीक जागी चुरचुरत असेल, तर हात जड पडतोय किंवा फेस कोरडा होता. तुरटी फिरवली की या जागा बरोबर बोलतात. नवा साबण आणल्यावर कोपराच्या आतल्या बाजूला थोडा फेस लावून दहा मिनिटांनी धुवावा आणि दुसऱ्या दिवशी पाहावं. एकाच उत्पादकाचा बिनवासाचा साबण मिळत असेल तर पहिल्यांदा तोच घ्यावा. तो मानवला तर त्याच्या बाकीच्या सुगंधांचं दार उघडलं, कारण बहुतेकांचा मूळ साबण एकच असतो आणि फक्त वास बदलतो.

फेस करतानाही साबणाची पारख होते. ओला करून झटकलेला ब्रश साबणावर अर्धा मिनिट फिरवावा, मग वाटीत किंवा गालावर घोळवत थेंब-थेंब पाणी घालत जावं. सुरुवातीचा फेस कोरडा, टोकं उभी राहणारा असतो. बहुतेक जण इथेच थांबतात. आणखी आठ-दहा थेंब गेले की तो फेटलेल्या दह्यासारखा गुळगुळीत होतो आणि त्याला ओली चकाकी येते. इथवर पाणी पचवणारा साबण चांगला. आधीच फाटून मोठे बुडबुडे यायला लागले तर त्यात स्टिअरिक कमी आहे किंवा पाणी जड आहे. आरओचं पाणी घेऊन पुन्हा करून पाहिलं की दोहोंतलं कुठलं ते कळतं.

रोजच्या दाढीला एक-दीड ग्रॅम साबण लागतो, म्हणजे १०० ग्रॅमची डबी दोन-तीन महिने सहज पुरते. एका वेळी तीनहून अधिक डब्या उघड्या ठेवू नयेत. ओलेइक जास्त असलेले साबण जुने झाले की खवट होतात, त्यांच्या अंगावर नारिंगी ठिपके येतात, आणि मग कितीही महाग सुगंध त्या वासाला झाकू शकत नाही. दाढी झाल्यावर डबी उघडी ठेवून वरचा ओलावा जाऊ द्यावा आणि मगच झाकण लावावं. पावसाळ्यात, विशेषतः मुंबई-रत्नागिरीकडे, ती न्हाणीघरात न ठेवता कपाटात ठेवलेली बरी.